उजेडाचे त्रैराशिक



गेले दोन महिने ब्लॉगवर काही लिहिले नाही. दोघा-तिघांनी तब्येतीची चौकशी केली. तब्येत ठणठणीत आहे, अभ्यास चालू होता इतकेच. या वयात अभ्यास कसला, तर लेझरचा! मराठी घेऊन बी.ए. झालेल्या मास्तरने लेझरवर लिहावे म्हणजे जरा आगाऊपणाच. पण विषय आमच्या घरात शिरला आहे, आणि घरातली बरीच मंडळी हा ब्लॉग वाचतात. (प्रतिसाद देत नाहीत, ती गोष्ट वेगळी.)

पुतण्याची मुलगी, म्हणजे माझी नात, एम.एस्सी. झाली आणि मुंबईत पीएच.डी.ला लागली. विषय असा: अतिशीघ्र लेझर स्पंद आणि अर्धवाहकांतील अरेषीय प्रकाशिकी. हे नाव ऐकल्यावर आमच्या ओसरीवर जी शांतता पसरली ती बघण्यासारखी होती. शेवटी थोरले चुलतभाऊ म्हणाले, "मास्तर, थे पोरगी पाच वर्स मुंबईले लाइटच पाहत बसन काय? अन् त्याचा फायदा काय?" प्रश्न रास्त होता. वय चोवीस, घरात दुसऱ्या गोष्टींची बोलणी सुरू, आणि पाच वर्षे म्हणजे थोडी नव्हेत. मी म्हटले, आधी मला समजू द्या, मग सांगतो. नातीला फोनवर छळले, तिने पाठवलेले वाचले. जे समजले ते लिहितो.

सुरुवात 'अरेषीय' या शब्दापासून. शब्द बरोबर आहे, पण काही सांगत नाही. आलेख काढला आणि सरळ रेषा आली तर रेषीय, नाही आली तर अरेषीय. आपल्या पिढीला याहून चांगला शब्द ठाऊक आहे, तो म्हणजे त्रैराशिक. पाच किलो साखरेला दोनशे वीस रुपये, तर बारा किलोला किती? माझे विषय मराठी आणि इतिहास, पण शिक्षक कमी पडले की पाचवी-सहावीचे गणित माझ्याकडे यायचे, आणि त्यात त्रैराशिक शिकवायला मला सगळ्यात आवडायचे. एक वाढले की दुसरे त्याच प्रमाणात वाढते, ही केवढी सोय! सगळा बाजार त्यावर चालतो.

उजेडही त्रैराशिक पाळतो. एका कंदिलाचा जेवढा उजेड, त्याच्या दुप्पट दोन कंदिलांचा. तांबडा प्रकाश काचेतून गेला तर तांबडाच बाहेर येतो, थोडा गेला तरी आणि पुष्कळ गेला तरी. दोन बॅटऱ्यांचे झोत अंधारात एकमेकांना छेदून जातात, पण एकाचा दुसऱ्याला पत्ता नसतो. शेकडो वर्षांचे प्रकाशशास्त्र या भरवशावर उभे होते, आणि सूर्य, दिवा, मेणबत्ती यांच्यापुरते ते आजही खरे आहे.

१९६० साली अमेरिकेत थिओडोर मैमन यांनी माणकाच्या स्फटिकातून पहिला लेझर काढला. पुढच्याच वर्षी मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो लाल झोत गारेच्या स्फटिकातून सोडला. ६९४ नॅनोमीटरचा लाल प्रकाश आत गेला आणि त्याबरोबर बरोबर निम्म्या तरंगलांबीचा, ३४७ नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश बाहेर आला. अगदी क्षीण, फोटोच्या काचेवर एक बारीक ठिपका पडण्यापुरता. गंमत अशी की निबंध छापून आला तेव्हा त्या चित्रात ठिपकाच नव्हता. मासिकाच्या लोकांना तो डाग वाटला आणि त्यांनी साफ करून टाकला, असे सांगतात. चाळीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्यावर मला याचे नवल वाटत नाही.

सांगायचा मुद्दा, प्रकाश पुरेसा दाट झाला की त्रैराशिक मोडते.

आता अर्धवाहक. सिलिकॉन, गॅलियम आर्सेनाइड वगैरे. त्यांच्यातले इलेक्ट्रॉन खालच्या पातळीवर बसलेले असतात आणि वरच्या पातळीवर जायला मध्ये पायऱ्या नसतात. छातीएवढा उंच ओटा समजा आणि खाली उभे पोर. प्रकाशाचा एक कण म्हणजे एक हात. हातात जोर असेल तर पोर ओट्यावर जाते आणि तो कण संपतो, म्हणजे प्रकाश शोषला जातो. जोर कमी असेल तर पोर जागचे हलत नाही आणि प्रकाश आरपार निघून जातो. म्हणून आपल्याला काळाकभिन्न दिसणारा सिलिकॉनचा तुकडा अवरक्त प्रकाशाला काचेसारखा पारदर्शक असतो.

पण दोन कमजोर हात एकाच क्षणी लागले तर? पोर वर जाते! हे होऊ शकते असे मारिया गोपर्ट या तरुणीने जर्मनीत आपल्या पीएच.डी.च्या प्रबंधात १९३१ साली गणिताने मांडले. दाखवता आले ते १९६१ मध्ये, लेझर आल्यावर. तीस वर्षे त्या प्रबंधातली गोष्ट कागदावरच होती. (त्यांना १९६३ साली नोबेल मिळाले, पण ते अणुकेंद्राच्या वेगळ्या कामासाठी.) ओसरीवरच्या मंडळींनी हे तीस वर्षांचे प्रकरण जरा लक्षात ठेवावे.

दोन हात एकदम लागण्याचा योग गर्दीवर अवलंबून असतो. प्रकाश दुप्पट केला तर असे योग चौपट होतात, दसपट केला तर शंभरपट. इथे पाचवीतला मुलगा त्रैराशिक मांडून बसला तर उत्तर चुकणारच. म्हणजे मंद प्रकाशाला जो स्फटिक पारदर्शक, तोच प्रखर प्रकाशाला अपारदर्शक होतो. पदार्थ तोच आणि प्रकाशाचा रंगही तोच.

मग प्रखर प्रकाश सतत का सोडत नाहीत? कारण स्फटिक जळून जाईल. यासाठी ते 'स्पंद'. आपल्याकडचा पाऊस घ्या. शंभर मिलिमीटर पाऊस महिनाभर झिमझिम पडला तर जमिनीत मुरतो, सोयाबीन खूश. तोच शंभर मिलिमीटर तासाभरात पडला तर बांध फुटतो. पाणी तेवढेच. उजेडही असा थोड्या वेळात कोंबला की एकूण ऊर्जा थोडी राहते, पण त्या क्षणापुरता जोर प्रचंड होतो.

थोडा वेळ म्हणजे किती, इथे माझी मती गुंग झाली. पंचांगात घटका, पळ, विपळ असतात. विपळ म्हणजे ०.४ सेकंद. ही मंडळी मोजतात फेम्टोसेकंदात. एका सेकंदात जितके फेम्टोसेकंद, तितके सेकंद मोजायचे तर सुमारे ३ कोटी १७ लाख वर्षे लागतील. सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश शंभर फेम्टोसेकंदांत फक्त ०.०३ मिलिमीटर जातो, म्हणजे केसाच्या जाडीइतकाही नाही.

एक हिशेब मी वहीत करून पाहिला आणि नातीकडून तपासून घेतला. शंभर ग्रॅमचा पेरू एक मिलिमीटर वर उचलायला जेवढी ऊर्जा लागते, ती साधारण एक मिलिज्यूल. तेवढीच ऊर्जा शंभर फेम्टोसेकंदांच्या स्पंदात भरली तर त्या क्षणापुरती शक्ती होते १०,००० मेगावॅट. आपल्या अकोला जिल्ह्यातले पारसचे वीज केंद्र ५०० मेगावॅटचे आहे. म्हणजे वीस पारस, एका पेरूच्या उचलण्यात! वही बंद करून मी बाहेर एक चक्कर मारून आलो.

आता माणसांविषयी. हे सगळे अमेरिका-जर्मनीचे, असे मलाही वाटत होते. नातीने सांगितले, आबा, बारामतीचे कुमार पटेल शोधा. शोधले. चंद्रकुमार पटेल, जन्म १९३८, बारामती. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली बी.ई. झाले, स्टॅनफर्डला गेले, १९६१ मध्ये डॉक्टरेट आणि त्याच वर्षी बेल लॅबमध्ये नोकरी. १९६४ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर जगापुढे आणला. आज कारखान्यात जाड पत्रे कापतात आणि दवाखान्यात शस्त्रक्रिया करतात त्यात हा लेझर असतो. एवढ्यावर कोणीही थांबले असते. पटेलांनी तो झोत अर्धवाहकांवर रोखला. १९६५ मध्ये टेल्युरियमच्या स्फटिकातून १०.६ मायक्रोमीटरचा प्रकाश सोडून निम्म्या तरंगलांबीचा, ५.३ चा, बाहेर काढला. १९६६ मध्ये सहकाऱ्यांबरोबर त्यांनी दाखवले की इंडियम आर्सेनाइडसारख्या अर्धवाहकात मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉनच त्रैराशिक मोडतात. कारण मोठे मजेदार आहे. त्या स्फटिकात इलेक्ट्रॉनची ऊर्जा वाढली की तो जड झाल्यासारखा वागतो. मग दुप्पट जोराने ढकलले तरी तो दुप्पट हलत नाही. झाले, प्रमाण बिघडले, आणि त्या बिघाडातून नव्या रंगाचा प्रकाश बाहेर आला.

पुढे १९७० मध्ये इंडियम अँटिमोनाइडच्या स्फटिकातून त्यांनी ज्याची तरंगलांबी हवी तशी बदलता येते असा लेझर काढला. तो बलूनला बांधून २८ किलोमीटर उंच सोडला आणि तिथल्या हवेतला नायट्रिक ऑक्साइड मोजला. हा वायू ओझोनचा थर खातो, म्हणून तो किती आहे हे कळणे महत्त्वाचे होते. १९९६ साली अमेरिकेने त्यांना राष्ट्रीय विज्ञान पदक दिले. बारामतीचे नाव आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो, साखरेसाठी आणि राजकारणासाठी. या कारणासाठी मी तरी कधी वाचले नव्हते. असो.

पटेलांचे स्पंद आजच्या मानाने फार लांब होते. ते आखूड आणि तरीही जोरदार करायचे तर अडचण अशी की जोर वाढवणारा स्फटिकच त्या जोराने फुटायचा. १९८५ मध्ये जेरार मुरू आणि त्यांची विद्यार्थिनी डोना स्ट्रिकलंड यांनी यावर तोड काढली. आपल्या जिनिंग-प्रेसिंगवाल्यांना ती लगेच समजेल. दाबलेली गाठ यंत्रात घालता येत नाही. आधी मोकळी करा, मोकळ्या कापसावर काय करायचे ते करा, आणि शेवटी पुन्हा दाबून गाठ बांधा. त्यांनी स्पंद ताणून पातळ केला, मग त्याचा जोर वाढवला आणि अखेरीस पुन्हा दाबला. २०१८ चे नोबेल त्यांना यासाठी मिळाले. स्ट्रिकलंडबाईंनी हे काम पीएच.डी. करताना केले होते, हेही ओसरीवर नोंदवून ठेवावे.

या युक्तीने चालणारा, शंभर टेरावॅटचा, म्हणजे त्या क्षणापुरता दोन लाख पारसचा लेझर मुंबईत कुलाब्याला आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. तिथले जी. रवींद्र कुमार यांना अशाच प्रखर स्पंदांच्या कामासाठी २०१५ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. स्पंद पदार्थावर आदळल्यावर जो तप्त प्लाझ्मा होतो, त्यात ताऱ्यांमध्ये असतात तशी खवळलेली चुंबकीय क्षेत्रे त्यांनी टेबलावर दाखवली. त्याच संस्थेत गॅलियम आर्सेनाइडवर स्पंद टाकून टेराहर्ट्झ लहरी काढण्याचे कामही चालते. आपल्याकडे ही विद्या काही काल आलेली नाही. ट्रॉम्बेला गॅलियम आर्सेनाइडचा लेझर साठच्या दशकाच्या मध्यातच बनला होता.

२०२३ चे नोबेल याहून हजारपट आखूड मोजमापाला, ॲटोसेकंदांच्या स्पंदांना मिळाले. तिघांपैकी ॲन लुलिए या स्वीडनमध्ये लुंड विद्यापीठात शिकवतात. नोबेलचा फोन आला तेव्हा त्या वर्गावर होत्या. बातमी ऐकली आणि परत जाऊन तास पूर्ण केला. शिक्षक मंडळींनो, वाचताय ना? :-)

आता फायद्याचे. नात जे करते ते असे. एक स्पंद स्फटिकावर टाकायचा, इलेक्ट्रॉन वर उडतात. मागून दुसरा, मंद स्पंद पाठवायचा आणि तो किती शोषला जातो ते बघायचे. मागचा स्पंद थोडा थोडा उशिरा पाठवत गेले की पहिल्यानंतर काय काय घडले त्याची चित्रमालिका मिळते. उशीर कसा करायचा? इतके बारीक घड्याळ जगात नाही, म्हणून दुसऱ्या स्पंदाच्या वाटेतला आरसा मागे सरकवतात. आरसा ०.१५ मिलिमीटर मागे गेला की जाऊन-येऊन ०.३ मिलिमीटर वाट वाढते आणि स्पंद एक पिकोसेकंद, म्हणजे हजार फेम्टोसेकंद, उशिरा पोचतो. वेळ फूटपट्टीने मोजतात! ही युक्ती मला इतकी आवडली की मी ती दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो.

चित्रमालिकेत दिसते ते असे, की वर उडालेला इलेक्ट्रॉन पिकोसेकंदाच्या आसपास आपली जादा ऊर्जा स्फटिकाला उष्णता म्हणून देऊन टाकतो. आपल्या शेतात सोलर पंपाच्या पाट्या आल्या आहेत. त्या पाटीवर पडणाऱ्या उन्हातला चौथा हिस्साही वीज होत नाही. काही ऊन तिच्या कामाचे नसते, ते वाया जाते. आणि बरेचसे याच पद्धतीने, डोळ्याचे पाते लवायच्या कितीतरी आधी, उष्णता होऊन जाते. पाटी हाताला चटका देते तो उगाच नाही. ही गळती नेमकी कुठे आणि किती वेळात होते हे पाहायला असे स्पंदच लागतात. गळती थांबेल का? नात सांगत नाही आणि मीही तिच्या वतीने शब्द देणार नाही. गोपर्टबाईंची तीस वर्षे आठवा.

दुसरा फायदा माझ्या स्वतःच्या डोळ्यात आहे. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, छान दिसू लागले, आणि दोन वर्षांनी पुन्हा धुके. कृत्रिम भिंगामागचा मूळचा पातळ पडदा गढूळ होतो, तसे झाले होते. वाचन बंद, ब्लॉग बंद. डॉक्टरांनी हनुवटी टेकवून बसवले, हलू नका म्हणाले, टक्-टक् असा बारीक आवाज आला आणि पाच-दहा मिनिटांत काम झाले. चाकू नाही की टाका नाही. तेव्हा मला वाटले, लेझरने पडदा जाळला असेल. आता कळते की १०६४ नॅनोमीटरचा तो अवरक्त प्रकाश बुबुळावरच्या पारदर्शक पटलातून आणि भिंगातून काही न करता आरपार गेला. ज्या बिंदूवर तो एकवटला तिथेच, काही नॅनोसेकंदांपुरती, त्याची दाटी इतकी झाली की तिथल्या पदार्थाने पारदर्शकपणा सोडला, ठिणगी उडाली आणि पडदा फाटला. ही अर्धवाहकातली गोष्ट नाही, आणि नॅनोसेकंद नातीच्या हिशेबात फार लांब. पण त्रैराशिक तिथेही मोडले, आणि मोडले म्हणून मी हे टंकतो आहे. प्रकाशाने डोळ्यात प्रमाण पाळले असते तर पडद्याआधी पुढचे सगळे भाजून निघाले असते.

पैशाचे विचारणाऱ्यांसाठी: सरकारी नियमाप्रमाणे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, पुढे वरिष्ठ झाली की ४२,०००. शिवाय घरभाडे भत्ता. म्हणजे पोरगी घरचे खात नाही. बाकी बोलणी करायची ती तिच्याशी करावीत, माझ्यामार्फत नकोत.

शेवटी वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले. दिवाळीला नात आली तेव्हा त्यांनी तिचे हात पाहिले आणि म्हणाल्या, "भुंडे हात घेऊन कायले फिरतं वं?" तेव्हा ती नुसती हसली. फोनवर मी विचारले तेव्हा कळले. प्रयोगशाळेत लेझरच्या टेबलापाशी बांगडी, अंगठी, घड्याळ काहीच घालू देत नाहीत. झोत चकचकीत धातूवर पडून उलटला तर क्षणात डोळ्याचा मागचा पडदा जळतो, स्वतःचा किंवा शेजारच्याचा. तरंगलांबी बघून निवडलेला चष्मा असतो, तरीही बांगडी बाहेर काढून ठेवायची आणि मग आत जायचे. रोज काढ-घाल करताना एक हरवली, म्हणून तिने घालणेच सोडले. तर वहिनी, तुम्ही दिलेल्या सोन्याच्या दोन्ही बांगड्या तिच्या खोलीतल्या कपाटात आहेत. हरवली ती काचेची होती.